घेवडा, कळलावी आणि रक्तातली किरणोत्सर्गाची नोंद

कोरेगावचा वाघ्या घेवडा साताऱ्यात घरोघरी रात्रभर भिजत पडतो आणि दुसऱ्या दिवशी चांगला मऊ शिजवला जातो. कच्चा राहिला तर पोट हमखास बिघडतं. हा घेवडा म्हणजे राजम्याचीच जात, आणि पोट बिघडवतं ते त्यातलं एक प्रथिन. अणुदुर्घटनेत सापडलेल्या माणसाने किती किरणोत्सर्ग सोसला, हे त्याच्या रक्तावरून काढण्याची पद्धत राजम्यातल्या याच प्रथिनामुळे शक्य झाली.

दवाखान्यातला एक्स-रे काढणारा तंत्रज्ञ छातीवर टीएलडी बॅज लावतो. तो ठरावीक मुदतीने तपासायला जातो आणि किरणांची मात्रा कळते. पण ज्याच्याकडे बॅजच नाही त्याचं काय? उलट्या किती लवकर सुरू झाल्या, रक्तातल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी किती वेगाने घटल्या, यावरून डॉक्टरांना अंदाज येतो. मात्र 2 ग्रे आणि 6 ग्रे (ग्रे म्हणजे शरीराने शोषलेल्या किरणांचं माप) यांत जगण्या-मरण्याचं अंतर आहे, तिथे नुसत्या अंदाजावर भागत नाही.

किरणांनी गुणसूत्रं तुटतात, हे 1930 च्या दशकातच वनस्पतींवरच्या प्रयोगांत स्पष्ट झालं होतं. माणसाची गुणसूत्रं 46 असतात, हे मात्र 1956 मध्ये पक्कं ठरलं. पुढची अडचण मोठी होती. गुणसूत्रं नीट दिसतात ती पेशी विभागत असताना, आणि रक्तातल्या लिम्फोसाइट तर एरवी विभागतच नाहीत. फिलाडेल्फियात पीटर नॉवेल लाल पेशी गोळा करून वेगळ्या काढण्यासाठी राजम्याचं प्रथिन वापरत होते. त्यांच्या लक्षात आलं की मागे उरलेल्या पांढऱ्या पेशी विभागू लागल्या आहेत! ते 1960 साल होतं. शोधायला गेले एक आणि हाती लागलं दुसरंच, पण ते ओळखणारी नजर नॉवेल यांच्याकडे होती.

दुसरं द्रव्यही आपल्या ओळखीच्या झाडात आहे. यवतेश्वरच्या घाटात पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलणारी कळलावी विषारी आहे, ती तिच्यातल्या कोल्चिसिनमुळे. कोल्चिसिन किंवा त्याचंच भावंड असलेलं कोल्सेमिड पेशीला ऐन विभाजनात रोखून धरतं. साधारण 48 तास वाढवलेल्या रक्तात ते घातलं की गुणसूत्रं काचेवर सुटी पसरलेली दिसतात. प्रत्येक गुणसूत्राला एकच कंबर, म्हणजे आवळलेली जागा, असते. किरणांनी तुटलेली दोन गुणसूत्रं चुकीची जुळली की एकालाच दोन कंबरा येतात. निरोगी माणसात असं गुणसूत्र हजार पेशींत एखादं सापडतं. 1 ग्रे गॅमा किरण एकदम अंगावर आले, तर शंभर पेशींत आठ-दहा सापडतात. म्हणजे मोजणी करायची ती अशा जोडगुणसूत्रांची. 1962 मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज अणुप्रयोगशाळेच्या मायकेल बेंडर आणि गूच यांनी ही मोजणी अपघातग्रस्त माणसांच्या रक्तावर करून दाखवली.

चेर्नोबिलच्या रुग्णांसाठी 1986 मध्ये हीच मोजणी कामी आली. पुढच्याच वर्षी ब्राझीलच्या गोयानियात बंद दवाखान्यातलं सिझियम-137 भंगारात गेलं. 1,12,000 लोकांची तपासणी झाली, 249 जणांच्या अंगावर किंवा शरीरात सिझियम आढळलं, चौघे दगावले. पोटात गेलेलं सिझियम तिथे लघवी आणि शौचाच्या नमुन्यांतून मोजलं. जपानच्या तोकाइमुरात 1999 मधल्या अणुइंधन कारखान्यातल्या अपघातात न्यूट्रॉनांनी रक्तातलं सोडियमच किरणोत्सर्गी केलं होतं, त्यावरून मात्रा काढली.

रक्तपेशींच्या गुणसूत्रांतल्या खुणा काही वर्षांत विरळ होतात. जुन्या मात्रेसाठी मग दात उपयोगी पडतो, कारण दातावरचं एनॅमल पुन्हा बनत नाही आणि किरणांचा ठसा त्यात दशकानुदशकं राहतो. रशियातल्या टेचा नदीकाठच्या गावांत ही पद्धत वापरली गेली. त्या नदीत 1949 ते 1956 या काळात अणुकचरा सोडला जात होता.

आपल्याकडे 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीत कोबाल्ट-60 भंगारात पोहोचलं आणि एकाचा जीव गेला. भंगार तोडणाऱ्या त्या माणसांपैकी कुणाच्याही छातीवर बॅज नव्हता.