अंतर्गळ आणि लघवी: नातं किती जुनं आहे

तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात तीस वर्षं गोण्या वाहिल्या. कोपरखैरण्याला घर, पहाटे चारला गाडी लागली की हे हजर. जांघेत गाठ आली तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही, माथाडीत निम्म्या लोकांना असतेच असं तेच सांगायचे. पहिल्या हॉस्पिटलात खोकायला लावलं, हात लावून बघितलं, हर्निया आहे, म्हणजे अंतर्गळ, पोटाची भिंत सैल होऊन आतलं बाहेर येणं, जाळी टाकू, तारीख घ्या. लघवीबद्दल एक शब्द कुणी विचारला नाही आणि तात्याही बोलले नाहीत, असल्या गोष्टी कोण बोलतंय.

बोलल्या त्या काकू. दुसऱ्या ठिकाणी मत घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, "डॉक्टर, यांना एका वेळेला दोनदा लघवी होते. झाली म्हणतात, मग ती गाठ हाताने दाबतात आणि परत तेवढीच येते." ते ऐकून डॉक्टर लिहायचे थांबले. त्या दिवसापासून मी या विषयाचं मिळेल ते वाचतोय, आणि वाचताना सारखं वाटलं की हर्निया सर्जनचा आणि लघवी युरोलॉजिस्टची ही वाटणी अगदी अलीकडची आहे, जुन्या लोकांनी दोन्ही एकत्रच बघितलं होतं.

सुश्रुतसंहितेतल्या निदानस्थानाचा बारावा अध्याय बघा. त्यात वृद्धीचे, म्हणजे वृषणाच्या जागी येणाऱ्या सुजेचे, सात प्रकार आहेत आणि त्यातले शेवटचे दोन मूत्रज, म्हणजे लघवीमुळे होणारी, आणि अंत्रज, म्हणजे आतडं उतरून होणारी, एकाला एक लागून. मूत्रज वृद्धी कुणाला होते तर लघवी तुंबवून धरायची सवय असलेल्याला, आणि चालताना ती सूज पाण्याने भरलेल्या पखालीसारखी हलते. अंत्रज कशाने होते, तर ओझं वाहणं, आपल्यापेक्षा ताकदवान माणसाशी झुंजणं, झाडावरून पडणं. दाबली की आवाज करत वर जाते, सोडली की परत खाली. भारहरण हा शब्द तिथे वाचला आणि मला तात्यांची पाठच दिसली.

मूत्रजवर उपाय पण दिलाय, शेक देऊन, शिवणीच्या, म्हणजे वृषणाच्या पिशवीवरच्या मधल्या रेघेच्या, बाजूला खालून टोचायचं आणि दोन तोंडांची नळी घालून पाणी काढायचं. आज आपण ज्याला हायड्रोसील म्हणतो ते हेच. आता हे खरं की ते पाणी लघवी नसतं, वृषणाभोवतीच्या पडद्यात साठलेलं पाणी असतं, आणि लघवी रोखून धरल्याने हायड्रोसील होतं असंही नाही. पण आतडं उतरलंय की पाणी भरलंय हा फरक त्यांनी नुसत्या हाताने आणि डोळ्याने ओळखला ही माझ्या मते फार मोठी गोष्ट आहे. आतडं पार वृषणकोशापर्यंत उतरलं असेल तर मात्र हात लावू नका, असाध्य आहे, असं स्पष्ट लिहिलंय.

असाध्य हे पुढेही शेकडो वर्षं जवळपास खरंच राहिलं. युरोपातही पट्टा बांधा नाहीतर जिवावरचं ऑपरेशन, आणि त्यात कित्येकदा वृषणही काढून टाकायचे. चित्र बदललं ते १८८४ मध्ये, इटलीत पादुआला एदोआर्दो बस्सिनी नावाच्या सर्जनने जांघेतली मागची भिंत थर थर शिवून पक्की करायला सुरुवात केली तेव्हा. तरुणपणी लढाईत त्याच्या स्वतःच्याच जांघेत संगीन घुसली होती. नंतर प्लॅस्टिकच्या धाग्याची जाळी आली, १९८० च्या दशकात अमेरिकेत लिक्टेनस्टाईनने न ताणता जाळी लावायची पद्धत रुळवली, आणि आज ठाण्यात काय नि वाशीत काय, "जाळी टाकली" म्हणतात ती तीच किंवा तिचीच दुर्बिणीतली भावंडं.

पण ऑपरेशन सोपं झालं तशी लघवी दुसऱ्या बाजूने पुढे आली. १८९८ मध्ये जर्मनीत ऑगस्ट बियरने पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देऊन भूल द्यायची सुरू केली, हर्नियाला फारच सोयीची, पण कमरेखालचं सगळं बधिर होतं त्यात लघवीची पिशवीही बधिर होते, भरली तरी कळत नाही. म्हातारा माणूस, प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या लघवीच्या पिशवीखालची गाठ, आधीच वाढलेली, वरून सलाईन चढलेलं, की रात्री लघवी तुंबलीच म्हणून समजा. फुगा फुगवून आत टिकणारी फोलीची नळी १९३० च्या दशकात आली म्हणून तो त्रास निभावण्यासारखा झाला. फक्त तेवढ्या जागेला भूल दिली तर लघवी तुंबण्याचं प्रमाण अगदी कमी राहतं हेही आता पक्कं माहीत आहे.

प्रोस्टेटने हर्निया होतो का हा प्रश्न जुने सर्जनही विचारत. रोज लघवीला जोर करायचा म्हणजे रोज पोटातून दाब, जसा जुनाट खोकल्याचा किंवा बद्धकोष्ठाचा, म्हणून आधी प्रोस्टेट बघा मग हर्निया शिवा अशी शिकवण होती. साठीनंतर दोन्ही गोष्टी तशाही वाढतात, त्यामुळे एकीमुळेच दुसरी झाली असं प्रत्येक पेशंटबद्दल म्हणता येत नाही, पण विचारायलाच नको असं मात्र अजिबात नाही.

आणि तात्यांचं जे होतं ते तिसरंच. लघवीची पिशवी जांघेच्या त्या कमकुवत जागेच्या अगदी शेजारी असते, भिंत सैल झाली की तिचाच एक कोपरा हर्नियात घसरतो. जांघेतल्या हर्नियांपैकी १ ते ४ टक्क्यांत पिशवी सापडते असं पुस्तकं सांगतात. लहान असेल तर काहीच जाणवत नाही, मोठी असेल तर दोन टप्प्यांत लघवी, काकूंनी सांगितली तश्शी. बहुतेक वेळा हे ऑपरेशन टेबलावरच कळतं, आणि सर्जनला आतड्याची पिशवी वाटून लघवीचीच पिशवी कापली जायची भीती तिथेच असते.

बायकांचं वेगळं. बाळंतपणांनी खालचा आधार सैल होतो आणि लघवीची पिशवी योनीच्या पुढच्या भिंतीतून खाली येते, आपल्याकडे अंग बाहेर येणं म्हणतात त्यातला एक प्रकार. तोही एका अर्थी हर्नियाच. तिथेही जाळी वापरून झाली, पण त्रासाच्या तक्रारी इतक्या आल्या की अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर नि उपकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, एप्रिल २०१९ मध्ये योनीमार्गे बसवायच्या त्या जाळ्यांची विक्रीच थांबवायला लावली. जांघेतल्या जाळीचा याच्याशी संबंध नाही, पण लोक दोन्ही एकच समजून घाबरतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

तात्यांची सोनोग्राफी दोनदा केली, एकदा लघवी भरलेली असताना आणि एकदा करून आल्यावर. स्क्रीनवर गाठीत एक काळा कोपरा होता तो दुसऱ्या वेळी बारीक झाला, मला पण दिसला. प्रोस्टेटही वाढलेली निघाली. आधी काही आठवडे तिच्या गोळ्या, मग नळी टाकून पिशवी रिकामी ठेवून ऑपरेशन. नळी काढल्यावर तात्या बाथरूमला गेले, काकू दाराबाहेर उभ्या. बाहेर आले तसं त्यांनी हळूच विचारलं, "एकदाच?" तात्यांनी मान हलवली आणि चहा मागितला.