कमाई थांबलेला घोडा कुणाचा? पुण्यातली दोनशे वर्षांची पार्श्वभूमी

22 सप्टेंबर 2025 पासून घोड्यांच्या शर्यतीवरच्या बेटिंगला 40 टक्के जीएसटी लागू झाला. 2017 पासून तो 28 टक्के होता. अर्थपानावर एक दिवस बातमी आली आणि विषय संपला. कॅम्पातल्या रेसकोर्सलगतच्या तबेल्यांत मात्र तिचा अर्थ सरळ लागतो. पैसे लावणारे कमी झाले की क्लबचं उत्पन्न घटतं, बक्षिसांच्या रकमा आटतात आणि मालकाला घोडा पोसणं परवडेनासं होतं. मग चार-पाच वर्षं पळालेला, पाय धरू लागलेला घोडा ‘कुणाला तरी देऊन टाकायचा’ असतो. तो कुणीतरी कोण, हे पुण्यात दर पिढीला नव्यानं ठरत आलं आहे.

रेसचा घोडा दुसऱ्या वर्षी पळायला लागतो आणि सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत बहुधा निवृत्त होतो. जगतो पंचवीस वर्षं, कधी त्याहून जास्त. म्हणजे कमाई चार-पाच वर्षांची आणि खाणं पाव शतकाचं. साडेचारशे किलोच्या घोड्याला रोज नऊ-दहा किलो सुकी वैरण लागते. शिवाय चंदी, दर महिना-दीड महिन्याला नालबंद, वर्षातून एकदा दात घासून घेणं, आणि चोवीस तास हाताशी एक माणूस. म्हातारी म्हैस गोठ्यात मागे उभी राहून दिवस काढते. घोड्याचं तसं होत नाही. खूर महिनोन् महिने वाढू दिले की तो लंगडतो, खाण्यात फरक पडला की पोटशूळ उठतो, आणि घोड्याला उलटी होत नसल्यामुळे साधा पोटशूळही जिवावर बेततो.

पेशवाईत या खर्चाची वाटणी ठरलेली होती. बारगीर सरकारी पागेच्या घोड्यावर बसे, तेव्हा दाणावैरण सरकारची. शिलेदार आपला घोडा घेऊन चाकरीला येई; त्याचं जनावर मेलं की चाकरीही डळमळे. भीमा-नीरेच्या खोऱ्यातलं काटक भीमथडी तट्टू याच व्यवस्थेवर वाढलं. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि फौजा मोडल्या. स्वारांचं काय झालं हे इतिहासात थोडंफार सापडतं, घोड्यांचं फारसं नाही. आदल्याच वर्षी, 1817 च्या पुणे तहानुसार, उभं राहिलेलं रिसाल्याचं पथक पुढे पूना हॉर्स म्हणून नावारूपाला आलं. इंग्रजांनी शिलेदारी पद्धत कितीतरी रिसाल्यांत पहिल्या महायुद्धापर्यंत चालू ठेवली. त्यात एक चांगली सोय होती: स्वारांच्या पगारातून वर्गणी कापून ‘चंदा फंड’ जमायचा आणि घोडा गेला की त्यातून नवा घ्यायला मदत मिळायची. सगळी तजवीज नव्या घोड्याची. जुना जिवंत असून निकामी झाला, तर तो लष्करातून ‘कास्ट’ व्हायचा, म्हणजे निकाली निघून लिलावात जायचा. कास्ट घोड्यांचं गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः टांगेवाले आणि मालवाहू गाडीवाले. कैरोमध्ये अशाच विकल्या गेलेल्या लष्करी घोड्यांचे हाल पाहून डोरोथी ब्रुक या इंग्रज बाईंनी 1934 मध्ये घोड्यांचा मोफत दवाखाना काढला आणि त्यातून जगभर पसरलेली संस्था उभी राहिली. आपल्याकडे असं काही झालं नाही, कारण टांगा चालत होता तोवर कास्ट घोडा ‘नकोसा’ नव्हताच. तो स्वस्त होता, एवढंच.

पुण्याच्या टांग्याबद्दल गहिवरून लिहिणारे पुष्कळ आहेत. त्या घोड्याच्या पाठीवरचे घट्टे आणि डांबरी रस्त्यावर झिजलेली टाप त्यांना सहसा आठवत नाही. ते असो. 1950 मध्ये पीएमटीची शहर बससेवा आली, साठच्या दशकात आकुर्डीत तीनचाकी बनू लागली आणि स्टेशन, स्वारगेट, मंडईवरचे टांग्याचे अड्डे हळूहळू रिक्षा स्टँड झाले. माणसं रिक्षावर गेली. घोडे लग्नाच्या वरातीत, जत्रेत, नाहीतर शहराबाहेरच्या वीटभट्टीवर गेले. तिथून उतरंड खालीच जाते.

याच काळात पुण्यानं म्हाताऱ्या घोड्याला एक वेगळा रस्ताही काढून दिला. पूनावाला कुटुंबाचा स्टड फार्म 1946 चा. तिथले उतारवयातले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात, कारण धनुर्वातावरची लस नव्हे, तर उतारा म्हणून द्यायचं सीरम घोड्याच्या रक्तातून मिळतं. घोडे आपले आणि औषध दुसऱ्याचं, हे कोडं सायरस पूनावालांना पडलं आणि 1966 मध्ये हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. कोविडच्या लशीमुळे जगाला माहीत झालेल्या कंपनीची मुळं अशी रेसच्या निवृत्त घोड्यांत आहेत. हाफकिनचे घोडेही पुण्याजवळ, पिंपरीला असतात.

सर्पदंशावरचं इंजेक्शनही याच रीतीनं बनतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचं विष घोड्याला अगदी थोड्या मात्रेत टोचायला सुरुवात करतात आणि काही आठवडे मात्रा वाढवत नेतात. घोडा मरत नाही. त्याच्या रक्तात विष मारणारी प्रतिपिंडं तयार होतात. मग मानेच्या शिरेतून रक्त काढायचं, वरचा पिवळसर प्लाझ्मा वेगळा करायचा आणि तांबड्या पेशी परत घोड्याच्या अंगात सोडायच्या, म्हणजे त्याला अशक्तपणा कमी येतो. मुळशी-वेल्ह्यात भात कापताना फुरसं चावलेल्या बाईचा जीव यानंच वाचतो. हे काम घोड्याला सुखाचं नाही. टोचलेल्या जागी गळवं होतात, रक्त वारंवार जातं, म्हणून प्रयोगातल्या प्राण्यांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीची त्यावर नजर असते. तरी रोज दोन वेळची वैरण, छप्पर आणि डॉक्टर मिळणारा म्हातारा घोडा पुण्याच्या इतिहासात बराच काळ हाच होता, हे मान्य करायला हवं.

दयेची परंपरा नव्हती असं नाही. मुंबईत 1834 मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकारानं पांजरपोळ झाली, तशा पांजरपोळी पुढे ठिकठिकाणी निघाल्या. पुण्याची भोसरीला आहे. पण त्यांची सगळी घडी गाईगुरांची. देणगीदार गाईसाठी पैसे देतो. घोड्याला धर्म-पुण्याच्या भावनेचं पाठबळ कमी, दुधाचं नाही, शेणाचंही फारसं नाही.

कायद्याचं तर विचारूच नका. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावर उपाशी-तहानेलं राहील अशा स्थितीत सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. कडब्याच्या पेंढ्या त्यापेक्षा महाग. 2017 च्या नियमांनी एवढं बरं केलं की खटला चालू असताना जप्त जनावराच्या सांभाळाचा खर्च मालकाकडून वसूल करता येतो. मालक सापडला तर.

गेल्या वीस वर्षांत धक्के लागोपाठ बसले. 2006 मध्ये महाराष्ट्रात ग्लँडर्स पुन्हा डोकं वर काढून बसला. हा माणसालाही होणारा रोग. बाधित घोडा कायद्यानं मारावाच लागतो. तेव्हापासून अनोळखी घोडा आणला की आधी वेगळा बांधायचा, रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या निकषांनी तपासून घ्यायचा आणि मगच बाकीच्यांत मिसळायचा. 8 जून 2015 ला मुंबई उच्च न्यायालयानं मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि मालक व घोडे दोघांच्याही पुनर्वसनाची योजना करायला सरकारला सांगितलं. निकाल योग्य होता असं माझं मत आहे. पण बंदी एका दिवशी लागते आणि घोडा दुसऱ्या दिवशीही सकाळी भुकेलाच असतो.

मार्च 2020 च्या टाळेबंदीत सगळंच एकदम थांबलं. रेस बंद, वराती बंद, महाबळेश्वर-पाचगणी-माथेरानचे पर्यटक बंद. घोडेवाल्याची कमाई हातावरची असते. लग्नसराईचे दोन-तीन महिने बुडाले की वर्षाची चंदी बुडते. अशा वेळी मालक आधी हरभरा बंद करतो, मग कडबा अर्धा करतो, मग रात्री दोर सोडून देतो. त्याला क्रूर म्हणणं सोपं आहे. त्याच्या घरातही तेव्हा रेशनचाच तांदूळ शिजत होता. प्राणिमित्रांनी त्या काळात जी खरी कामाची मदत केली ती घोडा उचलून नेण्याची नव्हती, मालकाच्या दारात वैरण पोचवण्याची होती. सोडवलेल्या एका घोड्याच्या वर्षभराच्या खर्चात मालकाकडेच असलेले कितीतरी घोडे पडत्या महिन्यांत तग धरू शकतात.

ज्या घोड्यांना सोडवून आणावंच लागतं, त्यांची अवस्था बघण्याची एक पट्टी आहे: 1983 पासून जगभर वापरली जाणारी हेनेकी यांची 1 ते 9 गुणांची मोजणी. मान, खांद्यामागची जागा, फासळ्या, पाठीचा कणा, शेपटीचं मूळ हातानं चाचपून बघायचं. पुठ्ठ्याची हाडं टोकदार लागली, शेपटीच्या मुळाशी खड्डा पडला की गुण एक-दोन. अशा घोड्यासमोर कळवळून हरभऱ्याची पाटी ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक. उपाशी शरीरावर एकदम स्टार्च पडलं की रक्तातले क्षार ढासळतात आणि घोडा खाऊन मरतो. लसूणघास थोडा थोडा, दिवसातून सहा वेळा. मात्रा वाढवायची ती आठवड्या-दहा दिवसांत. पाणी कायम समोर. दातांची टोकं घासल्याशिवाय चावलेलं अंगी लागत नाही. अंगावर मांस यायला महिने लागतात.

आणि घोडा बरा झाला की जुनाच प्रश्न पुन्हा दारात. भीमथडीला 2024 मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेनं स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली, त्यामुळे धनगरांकडच्या तट्टांना थोडं मोल येईल अशी आशा धरता येते. रेसमधून निघालेला शांत घोडा एखाद्या रायडिंग क्लबात खपतो. वरातीतला पाय अधू झालेला पांढरा घोडा कुणी मागत नाही. म्हणून असे घोडे दत्तक देताना लेखी अटी घालाव्या लागतात: टांग्याला जुंपायचा नाही, वरातीला न्यायचा नाही, पैदास करायची नाही, विकायचा नाही. घेणाऱ्यांना या चारही मान्य असतात. अडतं ते पाचव्या अटीवर, की सांभाळणं जमेनासं झालं तर घोडा दत्तक देणाऱ्याकडेच परत आणायचा. कारण ती लिहून घेणाऱ्यालाही एक ठाण रिकामं ठेवावं लागतं.