सहा फूट जाडीची भिंत

शिकागोच्या ऐन कचेऱ्यांच्या वस्तीत, डिअरबॉर्न रस्त्यावर मोनॅडनॉक इमारत उभी आहे. १८९१ मध्ये बांधून झालेल्या तिच्या उत्तरेकडच्या अर्ध्या भागाची भिंत तळाशी सहा फूट, म्हणजे सुमारे १.८ मीटर जाड आहे. एखाद्या कचेरीला किल्ल्याच्या तटासारखी भिंत कशाला लागावी?

कारण इथे भिंत हाच कणा आहे. सोळा मजल्यांचा बराचसा भार ती पेलते, शिवाय स्वतःचं वजनही. एक मीटर लांब, एक मीटर रुंद असा विटांचा खांब ६५ मीटर उंच नेला, तर त्याचं वजन सव्वाशे टनांच्या आसपास भरतं. वीट एवढा दाब सोसते, पण ताण, म्हणजे ओढ, तिला सोसत नाही. जोराचा वारा इमारतीला एका बाजूला ढकलतो, तेव्हा वाऱ्याकडच्या बाजूचे सांधे उघडू पाहतात. भिंतीचं वजनच त्यांना मिटून धरतं. म्हणून उंची वाढली की बुडाची जाडी वाढवायची, आणि जाडीसोबत वजनही वाढतं. या चक्रातून विटांच्या इमारतीची सुटका नव्हती. वास्तुरचनाकार बर्नहॅम आणि रूट यांनी वाऱ्याचा जोर सोसण्यासाठी आत लोखंडी चौकटींचाही आधार दिला. इमारत पुरी होण्याआधीच, १८९१ च्या जानेवारीत, रूट वारले.

मला मात्र भिंतीपेक्षा तिच्या खालची गोष्ट जास्त ओढून घेते. शिकागोच्या मध्यभागी खाली मऊ चिकणमाती आहे आणि कातळ बराच खोल. म्हणून काँक्रीटमध्ये पोलादी रूळ गाडून पसरट पाया केला. तो इमारतीच्या कडेपलीकडे ११ फूट, रस्त्याखाली पसरला आहे. आठ इंच खचणं गृहीत धरलं होतं. पुढच्या काही दशकांत इमारत सुमारे २० इंच खचली. चिकणमातीच्या कणांमध्ये पाणी अडकलेलं असतं. वर भार आला की आधी ते पाणीच दाब झेलतं, मग हळूहळू झिरपून बाहेर पडतं आणि कण जवळ सरकतात. छिद्रं इतकी बारीक असतात, की पाणी वाट काढेपर्यंत वर्षंच्या वर्षं जातात. या संथ खचण्याचं गणित अभियंते कार्ल टर्झागी यांनी १९२५ मध्ये मांडलं. बर्नहॅम-रूट यांच्या हाती त्यातलं काहीच नव्हतं. त्या काळच्या अनुभवावर त्यांनी मांडलेला तो धाडसी अंदाज होता, आणि तो चुकूनही इमारत उभी राहिली याचं मला फार कौतुक वाटतं.

धातूच्या सांगाड्याचं तंत्र तोवर त्याच शहरात आलं होतं: विल्यम ले बॅरन जेनी यांची होम इन्शुरन्स इमारत १८८५ ची. ती १९३१ मध्ये पाडली गेली. मोनॅडनॉकचा दक्षिणेकडचा अर्धा भाग होलाबर्ड आणि रोश यांनी १८९३ मध्ये पुरा केला, तो पोलादी सांगाडा वापरूनच. सांगाडा आला की मजल्यांचा भार खांब-तुळयांवर जातो आणि भिंत फक्त ऊन, वारा, पाऊस अडवते. ती पातळ झाली तरी चालते, खिडक्या रुंद करता येतात.

मोनॅडनॉक हे नाव न्यू हॅम्पशरमधल्या एका डोंगराचं. भूगर्भशास्त्रात, भोवतालची जमीन झिजून गेल्यावर एकट्याने उभ्या राहिलेल्या डोंगरालाही मोनॅडनॉकच म्हणतात. इमारतीत आजही कचेऱ्या चालतात. जॅक्सन रस्त्याकडच्या दारातून शिरून दक्षिणेकडे चालत गेलं, तर दोन वर्षांच्या अंतराने बांधलेली दोन तंत्रं एकाच छपराखाली भेटतात.