स्पॅनिश सुवर्णनाण्यांवरील टंकनदोष

साचा, चकती (छापापूर्वीचा कोरा तुकडा) किंवा ठोका यांतील चुकीमुळे टांकसाळीतच नाण्यावर उमटलेली विकृती. झीज, कातरणे, साखळीसाठी पाडलेले भोक, नंतरची कोरणी हे टंकनदोष नव्हेत. स्पेन व त्याच्या अमेरिकेतील वसाहतींच्या एस्कुदो या सुवर्णनाण्यांच्या मालिकेत हा भेद करणे विशेष अवघड जाते, कारण तिचा मोठा भाग हातोड्याने पाडलेला आहे.

एस्कुदोचा आरंभ सामान्यतः 1535 मधील बार्सेलोनाच्या नाण्यांपासून धरतात; स्पेनमधील कॅस्टील राज्यातील कायदेशीर आरंभ 1537 चा. एका कॅस्टिलियन मार्क (जुने वजनी माप) सोन्यात 68 एस्कुदो बसत. म्हणून एक एस्कुदोचे नाणे सु. 3.38 ग्रॅम व आठ एस्कुदोचे नाणे सु. 27.06 ग्रॅम भरते. कस 22 कॅरटचा होता. तो 1772 मध्ये सु. 0.901 व 1786 मध्ये 0.875 पर्यंत उतरवला गेला. वसाहतींत सोने पाडणे बोगोतात 1622 च्या सुमारास, मेक्सिकोत 1679 मध्ये व लिमात 1696 पासून नियमित सुरू झाले.

हातघडणीच्या नाण्यांना ‘माकुकिना’ म्हणत. ओतीव पट्टी ठोकून तिचे तुकडे पाडत, कात्रीने वजन जुळवत आणि दोन साच्यांमध्ये ठेवून घण घालत. टांकसाळ वजनाला बांधील होती, आकाराला नाही. त्यामुळे वेडावाकडा काठ, अर्धवट लेख किंवा बाजूला सरकलेला छाप हा या पद्धतीचा नित्याचा परिणाम आहे. विक्रीच्या याद्यांत त्याला ‘दोष’ म्हणण्याची प्रथा स्वीकारण्यासारखी नाही. दुहेरी ठोका मात्र निराळा. चकती किंचित फिरून दुसरा घण बसला की पहिला छाप दबतो, पण पुसला जात नाही. नाण्यावरील क्रूसाची दुसरी भुजा किंवा अक्षरांची दुसरी रांग उठावातच दिसते. ओरखडा किंवा चेपण असेल तर तेथे धातू खाली दबून बाजूला सरकलेला असतो.

साच्यातील दोष अभ्यासाला अधिक उपयोगी, कारण ते त्या साच्याच्या प्रत्येक नाण्यावर त्याच जागी येतात. 1715 मध्ये फ्लोरिडाजवळ बुडालेल्या ताफ्यातून मेक्सिकोची नाणी मोठ्या संख्येने मिळाल्याने अशी जुळणी शक्य झाली. जुना साचा वापरताना वर्षाचा आकडा किंवा पारख्याचे (कस तपासणाऱ्या अधिकाऱ्याचे) अक्षर नव्या पंचाने (साच्यात आकृती उमटवण्याच्या ठशाने) बदलले जाई. दहापट भिंगाखाली, तिरप्या प्रकाशात, खालच्या आकड्याचे उंचवटे वरच्याच्या आतबाहेर दिसतात. बनावट दुरुस्तीत आकड्याभोवतीचे मैदान (नाण्याचा सपाट भाग) खरवडून खोलगट झालेले असते. उलटा ‘एन’ पंचाची चूक म्हणता येईल. आडवी रेघ नसलेला ‘ए’ मात्र बहुधा ‘व्ही’चाच पंच उलटा मारून केलेला असे, आणि तो इतका सर्रास आढळतो की त्यास दोष म्हणू नये.

सर्वांत वादग्रस्त दोष सिंह व किल्ले (लिऑन व कॅस्टील या राज्यांची चिन्हे) यांच्या अदलाबदलीचा आहे. लिमाच्या नाण्यांवर क्रूसाच्या वरच्या डाव्या व खालच्या उजव्या कोनात किल्ला, उरलेल्या दोहोंत सिंह असतो. कोरणाऱ्याने नमुना नाणे पाहून चित्र तसेच्या तसे साच्यात उतरवले, तर ठोक्यानंतर ते आरशातल्याप्रमाणे उलटते. सिंह व किल्ले यांचे पंच स्वतंत्र असल्याने प्रत्येक आकृती सुलट राहते, जागा मात्र बदलते. ही मुद्दाम ठेवलेली खूण असावी, अशीही शंका घेतली जाते. कोरणीतील चूक हे स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक वाटते.

मेक्सिकोत 1732 पासून स्क्रू-प्रेसवरील (स्क्रू फिरवून दाब देणाऱ्या यंत्रावरील), चित्रांकित कडेची नाणी सुरू झाली. लिमा व बोगोतात शतकाच्या मध्यास. येथे केंद्राबाहेरचा छाप खरोखर दुर्मीळ. ठोक्यापूर्वी जादा वजन कानशीने काढल्याच्या समांतर रेघा दोष किंवा इजा नव्हेत. त्या छापाच्या उंच भागांवर अपुऱ्या दाबामुळे टिकतात. नव्या राजाच्या नावाबरोबर जुन्या राजाचे मुखचित्र (उदा. आजच्या कोलंबियातील पोपायान टांकसाळीच्या सातव्या फर्डिनंडच्या नाण्यांवर चौथा चार्ल्स) ही साच्यांच्या टंचाईमुळे केलेली सोय होती. स्पेनचा राजा पहिला लुई ऑगस्ट 1724 मध्ये वारला, तरी 1725 ची त्याच्या नावाची अमेरिकी नाणी आढळतात. बातमी पोहोचायला महिने लागत.

‘दोष’ ठरवण्याआधी वजन व घनता पाहावी. 22 कॅरटचे आठ एस्कुदोचे नाणे पाण्यात टांगल्यास सु. 1.5 ग्रॅम हलके भरते. घनता तांब्याच्या मिश्रणात सु. 17.6, चांदीच्या मिश्रणात 18 च्या आसपास येते. 1786 नंतरच्या तांबेमिश्रित नाण्याची सु. 16.9. प्लॅटिनम स्वस्त असताना त्यावर सोन्याचा मुलामा देऊन केलेली नकली नाणी ज्ञात आहेत. शुद्ध प्लॅटिनमची घनता 21.4 असल्याने ते लगेच उघडे पडते; तांबे मिसळून घनता जुळवली असेल, तर कडेवरील झिजलेल्या जागी करडा धातू शोधावा.