वाइल्ड चापिटूलस
अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स शहराच्या मार्डी ग्रा (कार्निव्हल) परंपरेतून आलेला फंक (ठेक्यावर भर देणारे कृष्णवर्णीय अमेरिकी संगीत) गायकसमूह. मुळात ही अपटाउन भागातील ‘मार्डी ग्रा इंडियन’ टोळी. तिचा प्रमुख, म्हणजे ‘बिग चीफ’, जॉर्ज लँड्री ऊर्फ चीफ जॉली. टोळीची स्थापना १९७० च्या दशकाच्या आरंभीची मानतात.

मार्डी ग्रा इंडियन हे अमेरिकेचे मूळ रहिवासी नव्हेत. मणी-पिसांचे, वर्षभर हाताने शिवलेले पोशाख चढवून गल्लोगल्ली गात फिरणारे ते कृष्णवर्णीय कष्टकरी. या प्रथेच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. १८८४-८५ च्या हिवाळ्यात बफेलो बिलचा ‘वाइल्ड वेस्ट’ खेळ (घोडेस्वार व मूळ रहिवासी यांचा फिरता तमाशा) शहरात मुक्कामाला होता. सर्वांत जुनी समजली जाणारी टोळी ‘क्रिओल वाइल्ड वेस्ट’ याच सुमाराची, म्हणून काही अभ्यासक प्रथेचे मूळ तेथे शोधतात. पळालेल्या गुलामांना मूळ रहिवाशांनी आसरा दिला, त्याचे ऋण म्हणून हा वेश, असे टोळ्यांतील वडीलधारे सांगत आले. कॅरिबियन कार्निव्हलशी असलेले साम्यही दुर्लक्षिण्याजोगे नाही. खेळावरून नाव आणि काही अंशी वेश आला असेल. पण एकाने ओळ टाकायची व बाकीच्यांनी ती झेलायची, ही गायनाची घडण आफ्रिकी वळणाची आणि त्याहून जुनी दिसते. ‘टू-वे-पाकी-वे’ या घोषाचे मूळही असेच वादग्रस्त. तो क्रिओल फ्रेंचचा, म्हणजे तेथील मिश्र फ्रेंच बोलीचा, अपभ्रंश असावा. जॅझ पियानोवादक जेली रोल मॉर्टनने १९३८ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी केलेल्या ध्वनिमुद्रणात तो ऐकू येतो. लहानपणी आपण ‘स्पाय बॉय’, म्हणजे टोळीपुढे धावणारा टेहळ्या, होतो असेही मॉर्टन तेथे सांगतो.

रस्त्यावर या गाण्यांना साथ खंजिरीची, टाळ्यांची, क्वचित बाटलीवरच्या ठेक्याची. १९७६ च्या ‘द वाइल्ड चापिटूलस’ या ध्वनिमुद्रिकेत त्यांना ‘द मीटर्स’ वादकवृंदाचे बास, गिटार व ऑर्गन मिळाले. निर्मिती ॲलन तूसाँ व मार्शल सीहॉर्न यांची. लँड्रीचे भाचे आर्ट, चार्ल्स, एरन व सिरिल नेव्हिल मामाच्या मागे सूर धरतात. एका घराचा गळा असल्याने ती साथ विलक्षण एकजीव झाली आहे. ‘इंडियन रेड’ हे टोळ्यांचे प्रार्थनागीत. त्यात स्पाय बॉय, फ्लॅग बॉय (निशाणवाला) असा एकेका मानकऱ्याचा पुकारा होतो. येथे ते संथ लयीत, जवळजवळ भजनासारखे येते.

पुढे या भावंडांनी ‘नेव्हिल ब्रदर्स’ हा वाद्यवृंद स्थापला. लँड्री १९८० मध्ये निवर्तला. ध्वनिमुद्रिकेचा समावेश अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीच्या २०१२ च्या यादीत झाला.