सरासरीच्या डोक्यावरची रेघ

शाळेतल्या सांख्यिकीत ‘एक्स बार’ पहिल्यांदा भेटतो तेव्हा एवढंच सांगितलं जातं, की डोक्यावर रेघ म्हणजे मध्य, म्हणजेच सरासरी. अक्षरांवरच्या रेघेची सवय असलेली मराठी मुलं त्याबद्दल फारसं विचारत नाहीत. गोंधळ उडतो तो कॉलेजात. तिथे त्याच मध्यासाठी ग्रीक ‘म्यू’ समोर येतो, आणि एका गोष्टीला दोन खुणा कशाला, हे काही केल्या कळत नाही.

मुळात सरासरी काढणं जुनं आणि तिची खूण अलीकडची. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) वेड्यावाकड्या खड्ड्याचं घनफळ काढायची रीत आहे. खड्ड्याची लांबी तीन ठिकाणी मोजली, ती भरली १०, ११ आणि १२ हात. रुंदी ६, ५ आणि ७, खोली २, ४ आणि ३. प्रत्येक मापाची बेरीज करायची आणि जितक्या ठिकाणी मोजलं त्या संख्येने भागायचं. ११, ६ आणि ३ मिळतात, घनफळ १९८ घनहस्त. अशा समान करून घेतलेल्या मापाला तिथे ‘सममिती’ म्हटलंय. (आज आपण हाच शब्द सिमेट्रीसाठी वापरतो.) सगळा नियम श्लोकात, पाठ करायचा आणि खड्ड्यावर जायचं. चिन्हावाचून कुणाचं अडत नव्हतं.

युरोपात बेरजेचा कॅपिटल सिग्मा (Σ) गणितज्ञ ऑयलरने १७५५ मध्ये आणला. डोक्यावरची रेघ मात्र भौतिकशास्त्रज्ञांच्या वापरात रुळली. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स १८९५ मध्ये खळाळत्या प्रवाहावर लिहीत होता. अशा पाण्यात एका जागी वेग क्षणाक्षणाला बदलतो. त्याने वेगाचे दोन भाग पाडले: सरासरी वेग, त्यावर रेघ, आणि त्याच्या वरखाली होणारा फरक, त्याला वेगळी खूण. द्रवगतिशास्त्रात आजही हीच पद्धत चालते.

त्याच सुमारास लंडनमध्ये कार्ल पिअर्सन सांख्यिकीची अक्षरं ठरवत होता. प्रमाण विचलनाला, म्हणजे आकडे मध्याभोवती किती पसरलेत त्या मापाला, लहान सिग्मा (σ) त्यानेच दिला. म्यूही त्याच्याकडे होता, पण ‘मोमेंट’साठी: मध्यापासूनच्या अंतरांच्या वर्गांची, घनांची सरासरी. म्यू-दोन म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग. या हिशेबात म्यू-एक, म्हणजे नुसत्या अंतरांची सरासरी, नेहमी शून्यच येतो! जे अक्षर पुढे मध्याचं झालं, ते इथे मध्य वजा करून उरलेलं मोजत होतं.

खरी अडचण अक्षरांची नव्हतीच. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने १९२२ च्या लेखात ती नेमकी पकडली. ‘मध्य’ हा एकच शब्द लोक दोन गोष्टींना लावतात, अशी त्याची तक्रार होती: जी खरी किंमत जाणून घ्यायची आहे पण फक्त अंदाजता येते तिला, आणि हातातल्या आकड्यांतून निघालेल्या अंदाजालाही. तालुक्यातल्या सगळ्या ज्वारीचा हेक्टरी उतारा एक असतो. चाळीस शेतांत कापणी करून काढलेला उतारा दुसरा. उद्या वेगळी चाळीस शेतं निवडली तर दुसरा बदलेल, पहिला जागचा हलणार नाही. फिशरने पहिल्याला ‘पॅरामीटर’ म्हटलं, दुसऱ्याला ‘स्टॅटिस्टिक’. त्या लेखात खऱ्या मध्यासाठी त्याने साधा ‘एम’ वापरला होता. अज्ञाताला ग्रीक आणि नमुन्याला रोमन अक्षर, ही वाटणी पाठ्यपुस्तकांत पक्की झाली ती नंतर.

तीही सगळीकडे नाही. ज्वारीचं उदाहरण उगाच घेतलेलं नाही: साताऱ्याकडच्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात देशात पीककापणी सर्वेक्षणांचा पाया घातला, आणि या नमुना सर्वेक्षणांच्या शास्त्रात म्यू फारसा दिसतच नाही. तिथे संपूर्ण समूहाच्या मध्यासाठी बहुधा कॅपिटल वाय येतो, नमुन्यासाठी लहान वाय, आणि रेघ दोघांच्याही डोक्यावर. फळ्यावर घाईत लिहिलं, की कॅपिटल कुठला आणि लहान कुठला हे मागच्या बाकावरून ओळखू येत नाही.