गोधडीतली वायर

इंग्लंडमध्ये रेडिंगला राहणाऱ्या माझ्या मामेभावाने घराच्या मागच्या अंगाला एक खोली वाढवायला घेतली. छत सपाट, लाकडी वाशांचं. खालून प्लास्टरबोर्ड, म्हणजे जिप्समचे तक्ते, आणि वाशांच्या मधे थंडी अडवायला फोमच्या जाड पाट्या. इलेक्ट्रिशियन त्यातून दिव्यांची वायर ओढत असताना भावाचा व्हिडिओ कॉल आला. "दादा, ही वायर अशी फोममध्ये गाडली तर तापणार नाही का रे?"

आपल्याकडे स्लॅब ओतण्याआधीच पाइप टाकून मोकळे होतात, त्यामुळे ही शंका फारशी कुणाला येत नाही. पण शंका रास्त होती.

तारेतून वीज वाहिली की ती थोडीफार तापतेच. भिंतीवर क्लिपा मारून नेलेल्या वायरची उष्णता हवेत आणि भिंतीत निघून जाते. फोममधल्या वायरची गत मे महिन्यात गोधडी पांघरलेल्या माणसासारखी. उष्णता तेवढीच तयार होते, पण तिला वाट सापडत नाही आणि तापमान चढत जातं. वायरवरचं पीव्हीसी 70 अंश सेल्सिअसपर्यंत चालतं, त्यापुढे त्याचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणून ब्रिटनच्या वायरिंग नियमांत, म्हणजे बीएस 7671 मध्ये, 1.5 चौरस मिलिमीटरच्या चपट्या केबलला भिंतीवर 20 अँपिअरची मुभा आहे, तर चहूबाजूंनी फोम असेल तर फक्त 10.

आता भावाचा हिशोब. 8 वॅटचे 10 एलईडी दिवे म्हणजे 80 वॅट. 230 व्होल्टला जेमतेम 0.35 अँपिअर. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे एक मीटर केबलमागे होते सुमारे 3 मिलिवॅट. त्या सर्किटला 6 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच, आहे; त्याने सोसावा तेवढा पूर्ण प्रवाह वाहिला, तर हाच आकडा जवळजवळ 300 पट होईल, आणि तोही एका वॅटच्या आतच राहील. दिव्यांच्या वायरची काळजी सोड, म्हटलं. काळजी करायचीच तर बाथरूमच्या, पाणी जागेवरच तापवणाऱ्या इलेक्ट्रिक शॉवरची. तो 40 अँपिअरच्या आसपास ओढतो. त्याची 10 चौरस मिलिमीटरची केबल भिंतीवर 64 अँपिअर वाहून नेते, फोममध्ये गाडली की 32. ती तिथून न्यायचीच नाही.

दुसरी गोष्ट मी त्याला कॅमेरा जवळ न्यायला सांगून पाहून घेतली: पाट्या कुठल्या? पांढरा, दाणेदार थर्माकोल असता तर वायर त्याला टेकू देऊ नको म्हणालो असतो. पीव्हीसी मुळात कडक असतं. त्यात तेलासारखं द्रव्य मिसळून ते लवचिक करतात. थर्माकोल हे द्रव्य हळूहळू शोषून घेतो. काही वर्षांनी थर्माकोल चिकट होऊन बसतो आणि वायरचं आवरण वाकवलं तर तडकतं. भावाकडच्या पाट्या पिवळसर, दोन्ही बाजूंना चकचकीत फॉइल लावलेल्या, पीआयआर नावाच्या कडक फोमच्या. त्यांच्यामुळे हा त्रास नाही.

खरी मेख निघाली दिव्यांच्या भोकांत. छतात बसवायच्या दिव्यासाठी प्लास्टरबोर्डला भोक पाडायचं आणि वर फोम कोरायचा. एलईडीची उष्णता त्याच्या मागच्या बाजूने बाहेर पडते, तिला मोकळी जागा लागते. फोम चिकटून असेल तर दिव्याच्या ड्रायव्हरमधला, म्हणजे त्याला हवी तशी वीज पुरवणाऱ्या सर्किटमधला, कपॅसिटर भाजत राहतो. दर 10 अंश वाढीला त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. फोम कोरावा, तर तिथे थंडीला खिडक्या मिळतात. शिवाय फटीतून स्वयंपाकाची वाफ वर चढते, छताच्या वरच्या थंड फळ्यांना लागून तिचं पाणी होतं आणि लाकूड कुजायला लागतं. वाशांच्या मधे फोम भरलेल्या अशा छतात फोमच्या वर 50 मिलिमीटरची खेळती हवा ठेवतात ती याचसाठी, पण वाफ मुळात वर न जाणं बरं.

शेवटी त्याने आत बसणारे दहा दिवे रद्द केले आणि छताखाली लटकणारे चार घेतले. त्यांना वायरीपुरतं भोक पुरतं, आणि तेही इलेक्ट्रिशियनने भोवतीने सीलंट भरून बंद केलं. भावजय मात्र अजून म्हणते, खोली जरा अंधारीच वाटते.